पावसाळी विजार

विजार हा कांहीं मासिकांत लिहिण्याचा विषय नव्हे, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे. "लिहायचेंच असेल तर गडावर लिहा, पावसावर लिहा, विजारीवर काय लिहायचें?" असें, मीं कागद पुढें ओढलेला पाहून, त्यांनीं विचारलेंही. परंतु गडावर आणि पावसावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मुसळधार पावसांत गड चढतांना कमरेखालीं काय घालावें, हें मात्र वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत मला कोणीं सांगितलें नव्हतें. तें मला ज्या रीतीनें कळलें, ती रीत वाचकांपैकीं कोणाच्या वांट्यास येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आमच्या घरीं एक रिवाज आहे. कन्या दहा वर्षांची झाली त्या वर्षापासून दर पावसाळ्यांत एकदां तरी मी आणि ती मिळून एखादा डोंगर चढतों. लोहगडापासून सुरुवात झाली. मग राजमाची, तोरणा, आणि एका वर्षीं सोळाशें शेचाळीस मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखरही झालें. तिच्या लहानपणीं मी पुढें आणि ती मागें असा क्रम असे. तो कधीं उलटला हें आम्हां दोघांपैकीं कोणालाच नीट आठवत नाहीं. पण उलटला आहे खरा. या सर्व काळांत माझा पोशाख ठरलेला होता: वर चांगला रेनकोट, पायांत भक्कम बूट, आणि या दोहोंच्या मध्यें जी कोणती जुनी विजार हातीं लागेल ती. माणूस छातीला आणि पावलांना जपतो; मांड्या आणि गुडघे हे जणूं आपले नव्हेतच, अशा थाटानें वागतो.

२०२३ सालच्या जुलैअखेरीस आम्ही पाचनईच्या वाटेनें हरिश्चंद्रगडावर गेलों. अधिक श्रावण चालू होता, आणि पाऊस तर असा, कीं शेजारीं चालणाऱ्याशीं ओरडून बोलावें लागावें. ही वाट गडाच्या इतर वाटांच्या मानानें सोपी आहे. चढतांना अंग तापलेलें होतें, त्यामुळें जाड सुती जीनची विजार कमरेपर्यंत भिजली आहे याचें मला कांहींच वाटलें नाहीं. फक्त ती जड झाली होती, आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यावर ओढ बसत होती. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचें दर्शन झालें, केदारेश्वराच्या गुहेंतील त्या थंडगार पाण्यांतलें लिंग पाहून झालें, आणि मग कोंकणकड्याकडे गेलों. कड्यावर ढगांखेरीज कांहीं दिसत नव्हतें. तरी ढग क्षणभर फाटतील या आशेनें अर्धा-पाऊण तास तेथें उभे राहिलों. वारा खालून, कोंकणांतून, सरळ अंगावर येत होता.

परततांना माझ्या बुटाची नाडी सुटली. ती बांधावयास मी वांकलों, तों बोटें माझें ऐकेनात. मला त्याचें हसूंच आलें. मग मी कन्येला माझ्या कॉलेजांतली एक गोष्ट सांगूं लागलों. थोड्या वेळानें ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हीच गोष्ट तुम्ही तिसऱ्यांदा सांगतां आहां. आणि तुमचे शब्द जड येताहेत." मघांपर्यंत मी कुडकुडत होतों, तें कुडकुडणेंही थांबलें आहे, हें तिच्या ध्यानांत आलें होतें, माझ्या नाहीं. तिनें माझा दंड धरला आणि एक अक्षर न बोलतां देवळाजवळच्या एका झोपडीवजा खानावळींत मला नेऊन बसविलें. तेथल्या बाईंनीं माझ्याकडे एकवार पाहिलें आणि म्हणाल्या, "आधी ती वली इजार काढा बाबा, मंग च्या." साठ वर्षांच्या, चारचौघांत प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या गृहस्थास परक्या ठिकाणीं असा हुकूम व्हावा आणि त्यानें तो निमूटपणें पाळावा, यावरून माझी अवस्था वाचकांच्या ध्यानांत येईल. मग एका जाड काळ्या घोंगडींत गुंडाळून मला चुलीपाशीं बसविण्यांत आलें. पंधरावीस मिनिटांनीं मला पुन्हां हुडहुडी भरली, आणि ती इतकी, कीं हातांतला पेला हिंदकळावा. तेंच सुधारण्याचें चिन्ह होतें, असें आमच्या डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें. शरीराच्या आंतलें उष्णतामान पस्तीस अंशांच्या खालीं उतरलें, कीं बुद्धि मंदावते. आणि ती मंदावली आहे हें कळावयास जी बुद्धि लागते तीच नेमकी मंदावलेली असते. कुडकुडणें थांबणें हा आराम नसून पुढच्या संकटाची वर्दी असते.

चोवीस अंशांच्या हवेंत माणूस गारठतो कसा, असें सौभाग्यवतींनीं विचारलें, तेव्हां मला उत्तर देतां आलें नव्हतें. आतां येतें. पाणी हें हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें अंगांतील उष्णता वाहून नेतें. शिवाय ओल्या कापडावर वारा लागला, कीं पाण्याची वाफ होऊं लागते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हावयास सुमारें पांचशें ऐंशीं कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता वारा देत नाहीं; बव्हंशीं आपली मांडी देते. सुती कापड पाणी शोषून धरून ठेवतें, म्हणून हा व्यापार तासन् तास चालतो. वाटेंत भातलावणी करणाऱ्या बाया आम्हांला दिसल्या होत्या. पाठीवर बांबूच्या कामट्यांचें आणि पानांचें इरलें, आणि खालीं गुडघ्यापर्यंत उघडे पाय. मला त्यांची कींव आली होती. खरें पाहतां कींव त्यांनीं माझी करावयास हवी होती. उघडी कातडी भिजते आणि लगेच निथळते. माझी जीन दोन्ही पायांना ओल्या पट्ट्या बांधल्याप्रमाणें दिवसभर चिकटून होती.

ही हकीकत घरीं सांगावयाची नाहीं असा आम्हां बापलेकींचा करार झाला होता. तो कन्येनें तिसऱ्या दिवशीं मोडला, आणि मोडला तें योग्यच केलें. सौभाग्यवती रागावल्या नाहींत. त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या एवढेंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीं एक तर पुरता पोशाख, नाहीं तर गड नाहीं."

पुढचें वर्ष म्हणजे २०२४. त्या वर्षीं सप्टेंबरांत कन्या पुढील शिक्षणासाठीं ग्लासगोला जावयाची होती. चार वर्षांचा अभ्यासक्रम. चार वर्षांनीं मी चौसष्ट-पासष्टांचा असणार, आणि गुडघ्यांनीं मला तोंवरचा शब्द दिलेला नाहीं. म्हणजे तो पावसाळा कदाचित् आमचा शेवटचा. ही गोष्ट घरांत तिघांनाही ठाऊक होती, आणि तिघांपैकीं कोणीही ती तोंडानें बोललें नाहीं. आम्ही सगळे विजारीविषयीं बोलत राहिलों.

पहिली खरेदी मीं घाईनें केली. दुचाकीवरून जाणारे लोक घालतात तसला प्लॅस्टिकचा जोड, स्वस्त आणि झगझगीत पिवळा. जूनच्या एका पावसाळी सकाळीं तो घालून मी पर्वतीवर गेलों. बाहेरून थेंबभर पाणी आंत आलें नाहीं. परंतु वर पोंचेपर्यंत आंतल्या आंत घामानेंच मी असा भिजलों, कीं पाऊस आणि मी यांत कोणी अधिक ओलें केलें हें सांगतां आलें नसतें. वर जाऊन कट्ट्यावर टेकलों मात्र, आणि आसनाची शिवण टर्रकन् उसवली. भल्या सकाळीं पर्वतीवर ओळखीचे लोक किती भेटतात, हें त्या दिवशीं प्रथमच मोजलें.

तेव्हांपासून मीं या विद्येचा रीतसर अभ्यास आरंभिला. गंमत अशी, कीं तिचा उगम कन्या जेथें निघाली होती त्या ग्लासगोंतच आहे. तेथील चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनज्ञानें १८२३ साली दोन कापडांच्या मध्यें नॅफ्थ्यांत विरघळविलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणारें कापड केलें आणि त्याचें पेटंट घेतलें. तें उन्हानें चिकट होई आणि थंडीनें ताठरे. शिवाय घामाला वाट नव्हतीच. त्या घामाला वाट मिळावयास जवळजवळ दीडशें वर्षें गेलीं. १९६९ साली रॉबर्ट गोर या अमेरिकन गृहस्थानें टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ हळूहळू ताणण्याऐवजीं एकदम हिसका देऊन ताणला, तेव्हां त्याची असंख्य सूक्ष्म छिद्रांची तलम पापुद्र्यासारखी पट्टी झाली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जाऊं शकत नाहीं, वाफ जाते. हा पापुद्रा दोन कापडांमध्यें चिकटविला म्हणजे आजची उंची पावसाळी विजार झाली.

दुकानांत या विजारींना चिठ्ठ्या असतात आणि त्यांवर मोठमोठे आंकडे असतात. दहा हजार मिलिमीटर, वीस हजार मिलिमीटर. पहिल्यानें मला वाटलें, हा पावसाचा आंकडा. महाबळेश्वरासही वर्षाकाठीं पांच-सहा हजारांच्या घरांतच पाऊस पडतो, मग वीस हजार कोठें पडतो? पण तो आंकडा कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला असतां पाणी पाझरूं लागतें, याचा असतो. हें समजल्यावर मीं घरीं एक प्रयोग केला. एका मित्राकडून मागून आणलेल्या विजारीचा एक पाय खालून सुतळीनें घट्ट बांधला, त्यांत पाणी भरलें आणि ती न्हाणीघरांत खुंटीला टांगली. रात्रभर थेंब पडला नाहीं. सौभाग्यवतींनीं सकाळीं न्हाणीघराचें दार उघडलें आणि त्या किंचाळल्या, हा भाग वेगळा. मला आनंद झाला. पण तो फार टिकला नाहीं, कारण हिशेब केला तेव्हां लक्षांत आलें, कीं माझ्या प्रयोगांतला स्तंभ पाऊण मीटरचा, म्हणजे साडेसातशें मिलिमीटरांचा होता. सत्तर किलो वजनाचा माणूस ओल्या कातळावर बसला आणि त्याचा भार चारशें चौरस सेंटिमीटरांवर वांटला गेला, तर तेथें पावणेदोन मीटर पाण्याइतका दाब पडतो. तोच माणूस एका गुडघ्यावर टेकला आणि सारा भार पन्नास चौरस सेंटिमीटरांवर आला, तर चौदा मीटरांचा! पाऊस विजारीला फारसें कांहीं करीत नाहीं. करतों तें आपण. म्हणून विजार नेहमीं आसनाशीं आणि गुडघ्याशींच प्रथम पाझरते. सह्याद्रींत निसरड्या घळींतून निम्मा उतार तर आपण बसूनच उतरतों.

ही गोष्ट लक्षांत आल्यावर मीं आमच्या नेहमींच्या शिंप्याकडे गेलों आणि विचारलें, एखादी हलकी विजार घेऊन तिच्या आसनाला जाड कापडाचें ठिगळ लावून द्याल का? तो वृद्ध गृहस्थ कापड चिमटींत धरून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, सुई जिथें जाईल तिथें पाणी जाईल." एवढ्या एका वाक्यानें मला जें समजलें तें चिठ्ठ्या वाचून समजलें नव्हतें. टीप म्हणजे शेंकडों भोंकांची ओळ. म्हणूनच चांगल्या विजारीच्या प्रत्येक शिवणीवर आंतून एक पट्टी उष्णतेनें चिकटविलेली असते. विजार उलटी करून ती पट्टी आसनाच्या सांध्यापर्यंत अखंड आहे कीं नाहीं, कोठें सुटलेली तर नाहीं, हें नखानें चांचपून पाहावें. मग पुढची बाजू पाहावी. दुकानदार प्रथम पुढची बाजू दाखवितो.

घामाच्या बाबतींत मात्र चिठ्ठीवर विसंबूं नये. वाफ आंतून बाहेर जाते ती आंतबाहेरच्या वाफेच्या दाबांतील फरकामुळें. अंगाजवळची हवा तेहतीस अंशांची आणि दमट धरली, तर तेथें पाऱ्याच्या सुमारें अडतीस मिलिमीटरांइतका वाफेचा दाब असतो. बाहेर आठ अंशांचा स्कॉटिश पाऊस असेल तर तेथें हा दाब आठच, फरक तिसांचा. आमच्या सह्याद्रींत चोवीस अंशांच्या तुडुंब दमट हवेंत तो बावीस, फरक सोळांचा. म्हणजे तीच विजार, तोच पापुद्रा. पण तेथें जेवढा घाम बाहेर जाईल त्याच्या जेमतेम निम्मा येथें जाईल. तशांत वरचें कापड चिंब झालें, तर तेवढाही जात नाहीं. वरच्या कापडावरून पाणी घरंगळून जावें म्हणून जो लेप देतात, तो पूर्वीं फ्लुओरिनयुक्त द्रव्यांचा असे. तीं द्रव्यें पाण्यांत आणि मातींत वर्षानुवर्षें नाश पावत नाहींत, म्हणून अलीकडे पुष्कळांनीं तीं सोडलीं आहेत. नव्या लेपांना तेलकटपणाचें आणि मळाचें वावडें आहे. ते वारंवार ताजे करावे लागतात. तक्रार करण्यासारखें यांत कांहीं नाहीं. गडावरचें तळें आपण पितों.

टिकाऊपणाविषयीं दोनच गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. एक, सुताची जाडी. ती डेनियर नांवाच्या मापांत सांगतात. नऊ हजार मीटर सुताचें वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. वीस-तीस डेनियरची विजार मुठींत मावते आणि कारवीच्या पहिल्या खुंटाला फाटते. सत्तरच्या खालीं जाऊं नये असें माझें मत झालें. दुसरी गोष्ट, आंतला थर. आंतून नुसता रबरासारखा मुलामा दिलेल्या स्वस्त विजारी आमच्या हवेंत दोनतीन पावसाळ्यांत सोलवटूं लागतात. उष्ण आणि दमट हवेंत पाणीच तो मुलामा हळूहळू फोडतें, मग विजार वापरा किंवा कपाटांत घडी करून ठेवा. पापुद्र्याला आंतून खरें कापड चिकटविलेली तीन पदरी विजार जड आणि महाग असते. पण घासली जाते तें कापड, पापुद्रा नव्हे.

शेवटीं जी विजार घेतली ती दुकानांत घालून मी प्रथम उकिडवा बसलों, मग जमिनीवर मांडी घातली. दुकानांतला मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. पण आपण डोंगरांत उकिडवे बसतों, मांडी घालून जेवतों, आणि उंच पायरी चढतांना गुडघा छातीशीं नेतों. विजार उभ्यानें बेतलेली असून भागत नाहीं. मोहरी बुटावर घट्ट बसणारी हवी, नाहीं तर उतरतांना टांचेखालीं येते. कमरेला नुसतें इलॅस्टिक नको, नेफ्यांत ओंवलेली नाडी हवी. बाजूला बूट न काढतां घालतां येईल एवढी लांब चेन हवी, आणि चेनेवर झांप हवी. किंमत मात्र मी येथें सांगत नाहीं. सौभाग्यवती हें मासिक वाचतात.

त्या वर्षीं जुलैच्या अखेरीस पुण्यांत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलें आणि आमचा बेत लांबला. श्रावण लागल्यावर आम्ही पुन्हां पाचनईच्या वाटेला लागलों. वाट तीच, वारा तोच. यावेळीं चढतांना मी विजार पिशवींतच ठेवली होती. लावणीवाल्या बायांचा धडा मला लागू पडला होता. खालीं चटकन् वाळणारी आंखूड तुमान आणि उघडे पाय. भिजले तर भिजले. वर देवळापाशीं पोंचल्यावर आडोशाला पाय पुसले, पातळ लोंकरी पायजमा चढविला आणि त्यावर ती विजार घातली. लोंकर ओलसर झाली तरी ऊब सोडीत नाहीं. गेल्या वर्षींच्या घोंगडीनें हें मला शिकविलें होतें. पावसाळी विजार हें चढण्याचें वस्त्र नसून थांबण्याचें वस्त्र आहे, निदान आमच्या प्रांतांत तरी. ही गोष्ट कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती.

कोंकणकड्यावर आम्ही तासभर बसलों. कन्या मधून मधून मला कांहींबाहीं विचारी: सातांचा पाढा, आजोबांच्या गांवचें नांव. ती माझी परीक्षा घेते आहे हें मला कळत होतें, आणि मला कळतें आहे हें तिला कळत होतें. ढग अर्धा मिनिट फाटले. खालीं कोंकण दिसलें, हिरवेंगार, आणि पुन्हां मिटलें. परततांना ती खानावळ उघडी होती. त्या बाईंनीं मला ओळखलें आणि विजारीकडे बोट दाखवून विचारलें, "ह्या टायमाला राहिली का कोरडी?" आसनाच्या एका कोपऱ्यांत थोडी ओल आली होती, तरी मीं राहिली म्हणून सांगितलें.

सप्टेंबरांत बॅग भरतांना तेवीस किलोंची मर्यादा होती. सगळें तोलून बसविलें असतां कन्येनें ती विजार आणून वर ठेवली. "बाबा, ही मी नेऊं? तुम्हींच म्हणालां, तिथें ही दुप्पट चालेल." कमरेला ती तिला चांगली चार बोटें ढिली होती, पण नाडी होती. कांटा चारशें ग्रॅमांनीं पुढें सरकला. सौभाग्यवती कांहीं न बोलतां वांकल्या, थालीपिठाच्या भाजणीची पिशवी उघडली, निम्मी भाजणी डब्यांत परत ओतली आणि पिशवीचें तोंड पुन्हां बांधलें.

ऑक्टोबरांत तिचा फोटो आला. कुठल्याशा बोडक्या टेंकडीवर ती पावसांत उभी होती, आणि विजारीची मोहरी तिनें दोनदां दुमडली होती. खालीं लिहिलें होतें, आंतून अगदीं कोरडी. तो फोटो सौभाग्यवतींनीं बराच वेळ मोठा करून पाहिला, आणि मग मला विचारलें, "आणि येत्या पावसाळ्यांत तुम्ही काय घालणार?"